गर्भजल आणि दिवसांचा हिशेब

१९९३ सालच्या पावसाळ्यातील ही हकीकत आहे. त्या वेळी आमचे बिऱ्हाड इगतपुरीस रेल्वेच्या वसाहतीत होते. माझे वडीलबंधू रेल्वेच्या नोकरीत होते, मी नुकताच नाशिकच्या एका महाविद्यालयात जीवशास्त्राचा अध्यापक म्हणून लागलो होतो, आणि वहिनींना बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते. त्यांचे वय तेव्हा अडतीस होते. चाळिशीच्या जवळ आलेल्या स्त्रीच्या अपत्यात गुणसूत्रांचा दोष संभवण्याचे प्रमाण वाढते, हे पुस्तकी ज्ञान घरात प्रथम मीच बोलून दाखविले. ते बोललो नसतो तर बरे झाले असते काय, याचा निर्णय मला आजही करता येत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सतराव्या आठवड्यात वहिनींच्या पोटातून सुईने थोडे गर्भजल काढून घेतले आणि दोन-तीन आठवड्यांनी उत्तर मिळेल असे सांगून त्यांस घरी पाठविले.

इगतपुरी हे वाट पाहण्याचेच गाव आहे असे म्हटले तरी चालेल. १८६५ साली थळ घाटातील लोहमार्ग सुरू झाला तेव्हापासून सदतिसास एक असा चढ चढून आलेली प्रत्येक गाडी येथे दम खाते आणि कसाऱ्यास जोडलेली जादा इंजिने येथे सुटतात. त्या वर्षी पावसाळ्याच्या धुक्यात आम्हीही तसेच थांबलो होतो. दादा दर तीन-चार दिवसांनी घाट उतरून मुंबईस जात आणि रिकाम्या हाताने परत येत. अठराव्या दिवशी प्रयोगशाळेतून उत्तर मिळाले ते असे, की नमुन्यातील पेशी वाढल्याच नाहीत; बाईंना पुन्हा घेऊन या. दिवसांचा हिशेब केला तेव्हा एकोणीस आठवडे आणि चार दिवस भरले होते. कायद्याने घातलेली मुदत वीस आठवड्यांची. पुन्हा सुई टोचून घेऊन पुन्हा पंधरा दिवस थांबण्यात काही अर्थ उरला नव्हता. पुढचे साडेचार महिने आमच्या घरात त्या विषयावर कोणी एक अक्षर उच्चारले नाही.

प्रयोगशाळेचा यात अपराध होता असे मला तेव्हाही वाटले नाही. शंभरांत एखादा नमुना असा वाया जावयाचाच. परंतु त्या अठरा दिवसांनी मला एका प्रश्नाच्या मागे लावले. गर्भजलाच्या चार चमचे पाण्यातून उत्तर काढण्यास इतके दिवस का लागावे, आणि ते दिवस कमी करण्याची खटपट कोणी, केव्हा, कशी केली? तीस वर्षे सवडीसवडीने या विषयाचे वाचन करीत असता मला असे आढळून आले, की या खटपटीचा इतिहास सरळ रेषेत गेलेला नाही. त्यातील एक वळण तर मुंबईतून गेलेले आहे, आणि ते आपणा मराठी माणसांस फारसे भूषणावह नाही.

प्रथम मूळ अडचण समजून घेतली पाहिजे. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या केंद्रकात आनुवंशिक द्रव्याचे जे धागे असतात त्यांस १८८८ साली वाल्डायर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने ‘क्रोमोसोम’ म्हणजे रंगीत देह असे नाव दिले, आणि त्यावरूनच आपल्याकडील जुन्या पुस्तकांत रंगसूत्र हा शब्द आला. पुढे गुणसूत्र हा शब्द रूढ झाला. हे धागे एरवी एकमेकांत गुंतलेल्या सुताच्या गुंड्यासारखे असतात व वेगवेगळे ओळखू येत नाहीत. पेशीचे विभाजन होऊ लागले म्हणजे मात्र ते आखडून जाडसर होतात आणि तेवढ्या अल्प काळात सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. तात्पर्य, गुणसूत्रे मोजावयाची तर जिवंत आणि वाढती पेशी पाहिजे. गर्भजलात गर्भाच्या त्वचेवरून व मूत्रमार्गातून गळून पडलेल्या पेशी असतात खऱ्या, पण त्यांतील बहुतेक मेलेल्या असतात. ज्या थोड्या जिवंत असतात त्यांस पोषक द्रव घालून, मनुष्यदेहाच्या उष्णतेत ठेवून, दहा-पंधरा दिवस वाढवावे लागते. आमच्या घरातील अठरा दिवस गेले ते या संगोपनात.

या मोजणीचे शास्त्रही अगदी अलीकडचे आहे. १९२० च्या दशकात टेक्सासच्या पेंटर यांनी मनुष्याची गुणसूत्रे अठ्ठेचाळीस असल्याचे सांगितले आणि तीसएक वर्षे जगातील सर्व विद्वानांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून तेवढीच मोजली! अधिकारी पुरुषाने एकदा अठ्ठेचाळीस म्हटले की शेचाळीस दिसली तरी दोन आपली नजरचूक समजावयाची, ही वृत्ती केवळ आपल्याकडील शास्त्री-पंडितांतच असते असे नाही. १९५२ साली टेक्सासमध्येच टी. सी. शू यांच्या प्रयोगशाळेत कोणीतरी चुकून क्षार कमी असलेला द्राव बनविला. त्या द्रावात पेशी फुगल्या आणि आतील गुणसूत्रे एकमेकांपासून सुटी होऊन सुरेख पसरली. चूक कोणाची ते शेवटपर्यंत कळले नाही. पण त्या अज्ञात हाताचे उपकार या शास्त्रावर मोठे आहेत. ही युक्ती वापरून १९५५ च्या डिसेंबरात स्वीडनमधील लुंड येथे जावा बेटात जन्मलेले टिजिओ यांनी शेचाळीस हा आकडा नक्की केला, आणि लेव्हान यांच्यासह १९५६ मध्ये तो प्रसिद्ध केला.

पुढील तीन वर्षांतच या आकड्याचा उपयोग झाला. १८६६ साली लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टराने मंदबुद्धी मुलांतील एका विशिष्ट वर्गाचे वर्णन केले होते आणि त्यांच्या डोळ्यांच्या ठेवणीवरून त्यांचा संबंध मंगोल वंशाशी जोडण्याची चूक केली होती. (ही चूक शंभर वर्षे टिकली, मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने ते नाव १९६५ मध्ये टाकले.) आईच्या वाढत्या वयाशी या विकाराचा संबंध असल्याचे पेनरोज यांनी १९३३ मध्ये दाखविले होते, पण कारण उमगत नव्हते. १९५९ च्या जानेवारीत पॅरिसहून लेज्यून, गोत्ये व त्युर्पिन यांनी जाहीर केले की या मुलांच्या पेशींत एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते, एकूण सत्तेचाळीस. शोधाचे श्रेय दीर्घकाळ लेज्यून यांनाच मिळाले. पेशी वाढविण्याची विद्या अमेरिकेतून शिकून येऊन, त्या कामी स्वतःच्या अंगातील रक्तही वापरणाऱ्या मार्त गोत्ये या डॉक्टरीणबाईंचे नाव मागेच राहिले. फ्रान्समधील वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने त्यांच्या वाट्याची दखल घेतली ती २०१४ मध्ये, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. १९६० मध्ये अठराव्या व तेराव्या गुणसूत्रांच्या अशाच तिपटीचे, अधिक घातक असे, दोन विकार सापडले.

आता गर्भातच हे ओळखता येईल काय, हा प्रश्न ओघानेच आला. १९६६ मध्ये अमेरिकेतील स्टील व ब्रेग यांनी गर्भजलातील पेशी वाढवून त्यांची गुणसूत्रे मोजता येतात हे दाखविले. १९६७ मध्ये जेकबसन व बार्टर यांनी अशा रीतीने गर्भातील गुणसूत्रांचा दोष प्रथम ओळखला आणि १९६८ मध्ये गर्भावस्थेतच डाऊन विकाराचे निदान झाले. तेव्हापासून ही परीक्षा वैद्यकात रूढ झाली. पंधराव्या आठवड्याच्या आत गर्भजल पुरेसे नसते म्हणून त्यानंतर सुई घालावयाची, पेशी वाढवावयाच्या, आणि उत्तर अठराव्या, एकोणिसाव्या, कधी विसाव्या आठवड्यात द्यावयाचे. तोपर्यंत मूल पोटात हालू लागलेले असते, ओटी भरलेली असते. सुईमुळे गर्भ जाण्याचा धोकाही असतोच. १९८६ मध्ये डेन्मार्कमध्ये चार हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या काटेकोर पाहणीत तो शेकडा एक इतका जादा आढळला; पुढील काळातील अंदाज त्याहून बरेच कमी आहेत.

येथपर्यंतचा इतिहास कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. मला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे ते त्याच्या शेजारून वाहणाऱ्या दुसऱ्या एका प्रवाहाकडे. १९४९ साली कॅनडातील मरे बार व त्यांचे विद्यार्थी बर्ट्रम यांना मांजरीच्या मज्जापेशींचा अभ्यास करीत असता असे दिसले, की मादीच्या पेशीच्या केंद्रकात एक गडद ठिपका असतो आणि नराच्या पेशीत तो नसतो. हा ठिपका पाहण्यास पेशी वाढवावी लागत नाही, ती जिवंतही असावी लागत नाही. रंग द्यावा, काचेवर पसरावी आणि पाहावे. १९५५-५६ मध्ये जेरुसलेम, कोपनहेगन इत्यादि ठिकाणच्या संशोधकांनी गर्भजलातील पेशींत हा ठिपका शोधून गर्भाचे लिंग सांगितले. त्यांचा हेतू निर्मळ होता. रक्त न गोठण्याचा विकार बहुतकरून मुलग्यांसच होतो. तो ज्या घराण्यात आहे तेथे गर्भ मुलग्याचा की मुलीचा हे कळणे महत्त्वाचे, म्हणून कोपनहेगनच्या फुक्स व रीस यांनी हे काम केले.

म्हणजे घटनाक्रम असा झाला की, गर्भात दोष आहे काय या प्रश्नाचे उत्तर मिळावयास तीन आठवडे लागत, आणि गर्भ मुलीचा आहे काय या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच पाण्याच्या थेंबातून काही तासांत मिळे. जगातील पहिली जलद गर्भपरीक्षा ही दोषाची नव्हती, लिंगाची होती. ज्या प्रश्नाला घाई होती त्याला शास्त्र हळू चालत होते. ज्या प्रश्नाला घाईचे काही कारण नव्हते त्याचे उत्तर तयार होते. मागील पन्नास वर्षांत आपल्या देशात या विद्येचे जे झाले त्याचे मूळ बऱ्याच अंशी या विपरीत क्रमात आहे, असे माझे मत आहे.

चीनमध्ये आन्शान येथील रुग्णालयात १९७५ मध्ये वारेच्या तंतूंतून लिंग ओळखण्याचा प्रयोग झाला. त्या पाहणीतील ज्या ३० गर्भांचा पात करण्यात आला त्यांपैकी २९ मुलींचे होते. त्याच सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत गर्भजलपरीक्षा सुरू झाली ती जन्मजात दोष शोधण्यासाठी. पण येणाऱ्या अनेकींस जाणून घ्यावयाचे होते ते मुलगा की मुलगी एवढेच. सरकारी रुग्णालयांतून लिंगपरीक्षेस त्या दशकाच्या अखेरीस मनाई झाली. मनाई सरकारी रुग्णालयांपुरती होती, म्हणून धंदा खाजगी दवाखान्यांत गेला. १९८० नंतर मुंबईत आणि महाराष्ट्राच्या लहान-मोठ्या शहरांत या दवाखान्यांच्या जाहिराती लागल्या. आज पाचशे रुपये खर्च करा आणि पुढे हुंड्याचे पाच लाख वाचवा, अशा आशयाची ती जाहिरात पुष्कळांच्या स्मरणात असेल. १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तीत शेकडा चौऱ्याऐंशी जण लिंगनिदानासाठी गर्भजलपरीक्षा करीत असल्याचे निघाले. हे सारे शिकलेले लोक, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या कुटुंबांपैकी बरीचशी आपल्यासारखी मासिके घेणारी, मुलांस इंग्रजी शाळेत घालणारी. गर्भजलपरीक्षा हा शब्द मराठी घरांत शिरला तोच असा बदनाम होऊन.

या बदनामीविरुद्ध पहिली चळवळही मुंबईतच उभी राहिली, हे मान्य केले पाहिजे. १९८५-८६ मध्ये स्त्रीसंघटना, डॉक्टर व वकील यांनी एकत्र येऊन लिंगनिदानविरोधी मंच स्थापन केला, आणि त्याच्या रेट्याने महाराष्ट्र विधिमंडळाने १९८८ मध्ये प्रसवपूर्व निदानतंत्रांचे नियमन करणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य होय. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला व १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. तो कागदावरच राहिला तेव्हा मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २००३ मध्ये कायदा कडक झाला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात तर ती ८०७ वर आली. गर्भजलाची सुई मागे पडून सोनोग्राफीचे यंत्र पुढे आले होते, एवढाच फरक.

या कायद्यांनी गर्भपरीक्षा बंद केली नाही हे लक्षात ठेवावयास हवे. गुणसूत्रांचे दोष, रक्तरंजकाचे विकार, जन्मजात व्यंगे यांसाठी ती मोकळी ठेवली. पस्तिशीपुढील वय, वारंवार गर्भपात, घराण्यातील इतिहास अशी कारणे नेमून दिली. स्त्रीस समजेल अशा भाषेत लिहिलेल्या कागदावर तिची संमती घेण्याची अट घातली. १९९३ मध्ये वहिनींनी अशाच कागदावर सही केली होती. तिकडे ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो ते बोलताना सारखे दाराकडे पाहत होते, हे मात्र मला आठवते. खऱ्या कारणासाठी आलेल्या स्त्रीकडेही संशयाने पाहिले जावे इतकी ती परीक्षा डागाळली होती.

आणि गंमत अशी की, नेमक्या याच वर्षांत दूर देशी योग्य प्रश्नाला वेग येत होता. त्या खटपटीच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट लवकर सुरुवात करण्याची. वार आणि गर्भ एकाच फलित पेशीपासून बनतात. तेव्हा गर्भजलाची वाट न पाहता दहाव्या-बाराव्या आठवड्यातच वारेचे चार तंतू काढावे. या तंतूंत विभाजन पावत असलेल्या पेशी आपोआपच असतात. मिलानच्या सिमोनी व ब्रांबाती यांनी १९८३ मध्ये त्या न वाढविता थेट तपासण्याची रीत सांगितली आणि उत्तर आठवड्यांवरून एक-दोन दिवसांवर आले. त्याच वर्षी पॅरिसच्या दाफो यांनी नाळेतून गर्भाचे रक्त घेण्याची कृती सिद्ध केली. रक्तातील पेशी दोन-तीन दिवसांत वाढतात. पण वारेच्या पेशींत कधीकधी असा दोष दिसतो जो गर्भात मुळीच नसतो, आणि नाळेत सुई घालणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

दुसरी वाट अधिक बुद्धिमान. पेशीचे विभाजन होईपर्यंत थांबावे का? गुंड्यातला हवा तो धागाच उजळून घ्यावा. एकविसाव्या गुणसूत्राच्या एखाद्या भागास बरोबर जुळेल असा डीएनएचा तुकडा तयार करून त्यास प्रकाशणारा रंग जोडावयाचा आणि तो पेशीत सोडावयाचा. अंधारात सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर निरोगी पेशीत दोन दिवे दिसतात, डाऊन विकार असल्यास तीन. घाटातून रात्री खाली पाहिले असता कसाऱ्याचे दिवे मोजावे तसे हे मोजणे आहे. अमेरिकेतील पिंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ही विद्या पुढे आणली आणि १९९२ मध्ये क्लिंगर यांच्या गटाने न वाढविलेल्या गर्भजलपेशींवर ती मोठ्या प्रमाणावर वापरून दाखविली. ‘फिश’ या आद्याक्षरांच्या नावाने ती ओळखली जाते. उत्तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत. वहिनींचे गर्भजल घेतले गेले त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. इकडे ती पोहोचावयास वेळ लागला.

तिसऱ्या वाटेला तर पेशीही नको, सूक्ष्मदर्शकही नको. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये डीएनएच्या एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढण्याची युक्ती शोधली व दहा वर्षांनी त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या प्रत्येक गुणसूत्रावर काही जागा अशा आहेत की तेथे तीच तीच दोन-चार अक्षरे पुन:पुन्हा येतात, आणि ही द्विरुक्ती कोणाची दहा वेळा तर कोणाची चौदा वेळा असते. आम्हा इगतपुरीकरांच्या भाषेत सांगावयाचे तर ही कमी-जास्त डब्यांची गाडी होय. आईकडून आलेल्या एकविसाव्या गुणसूत्रावर दहा डब्यांची गाडी, बापाकडून आलेल्यावर चौदा डब्यांची. दोन्हींच्या प्रती काढल्या की यंत्रावर सारख्या उंचीची दोन शिखरे उमटतात. गुणसूत्र तीन असतील तर शिखरे तीन उमटतात, किंवा दोन उमटून त्यांतील एक दुसऱ्याच्या दुप्पट उंच असते. मॅन्सफील्ड यांनी १९९३ मध्ये ही कल्पना मांडली आणि पेर्टल, अडिनॉल्फी प्रभृतींनी लगेच ती प्रत्यक्षात आणली. पदार्थ थोडा लागतो, खर्च कमी येतो, एकाच दिवशी कितीतरी नमुने तपासता येतात, आणि पेशी मेलेली असली तरी बिघडत नाही. आमच्या घरी ज्या पेशी वाढल्या नाहीत म्हणून उत्तर आले नाही, त्याच पेशींतून या रीतीने दुसऱ्या दिवशी उत्तर मिळाले असते.

तथापि या वेगाची किंमत आहे आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पेशी वाढवून तपासणारा मनुष्य सर्व शेचाळीस गुणसूत्रे एकामागून एक पाहतो. मोडलेले, जोडलेले, उलटलेले असे काही अनपेक्षितही त्यास दिसते. जलद परीक्षा मात्र आपण विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देते, आणि ते प्रश्न साधारणतः पाच: तेरा, अठरा, एकवीस, एक्स आणि वाय. सहावा दोष समोर असला तरी ती मुकी राहते. इंग्लंडात २००४ मध्ये राष्ट्रीय समितीने डाऊन विकाराच्या शंकेपुरती जलद परीक्षाच पुरे असा सल्ला दिला तेव्हा यावर तेथील तज्ज्ञांत मोठा वाद झाला. सगळे वाचणारा संथ पंडित बरा की पाच प्रश्नांची चटकन उत्तरे देणारा हुशार मुलगा बरा, असा तो वाद होता. माझे मत विचाराल तर दोघांसही ठेवावे: मुलास आज विचारावे, पंडितास पंधरा दिवसांनी. बऱ्याच ठिकाणी तसेच करतात.

त्या पाच प्रश्नांतील शेवटचे दोन वाचकांच्या ध्यानात आलेच असतील. एक्स आणि वाय तपासले म्हणजे लिंग कळलेच. हिंदुस्थानातील प्रयोगशाळेत हे उत्तर यंत्रावर उमटते, तपासनीस ते पाहतो, आणि अहवालात ते सांगण्याची त्यास कायद्याने मनाई आहे. १९९७ मध्ये डेनिस लो यांनी गर्भाचा डीएनए आईच्या रक्तातच तरंगत असतो हे दाखविले, २००८ मध्ये त्यावरून गुणसूत्रांचे प्रमाण मोजता येऊ लागले आणि २०११ पासून ही रक्तपरीक्षा वैद्यकात आली. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या दंडातून रक्त घेतले की काम होते. ती शंका दाखविते, निदान करीत नाही. शंका आल्यास सुई घ्यावीच लागते. इतर देशांत या परीक्षेच्या कागदावर मुलगा-मुलगी खुशाल छापतात. आपल्या कागदावर ती ओळ नसते. ती नसलेली ओळ १९८० च्या दशकातील मुंबईने लिहिली आहे.

आता वीस आठवड्यांच्या मुदतीविषयी. गर्भपाताचा प्रश्न अभ्यासण्यास १९६४ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. त्यांच्या अहवालावरून १९७१ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. गर्भात गंभीर व्यंग असण्याचा संभव हे कारण त्यात होते, पण मुदत वीस आठवड्यांची होती. समितीचा अहवाल आला त्याच १९६६ साली स्टील व ब्रेग यांचा शोध प्रसिद्ध झाला होता. विसाव्या आठवड्यात पेशी अजून काचेच्या बशीतच असतील हे कायदा करणाऱ्यांस कोठून कळावे? पुढे पन्नास वर्षे ही मुदत तशीच राहिली. २०१७ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील एक स्त्री, गर्भास डाऊन विकार असल्याचे कळल्यावर, सव्विसाव्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाकडे परवानगी मागण्यास गेली. आईच्या जीवास धोका नाही, या मुद्द्यावर न्यायालयाने ती नाकारली. मार्च २०२१ मध्ये कायदा बदलला व २४ सप्टेंबरपासून अमलात आला: आता काही वर्गांतील स्त्रियांस चोवीस आठवडे, आणि वैद्यकीय मंडळाने गर्भात मोठा दोष असल्याचे ठरविल्यास मुदतच नाही. मंडळाने मत द्यावयाचे ते तीन दिवसांत. म्हणजे प्रयोगशाळा दोन दिवसांवर आल्यानंतर कायदाही घाई करू लागला.

ही मुदत गेली म्हणून जलद परीक्षेचे महत्त्व कमी झाले असे मात्र नाही. चौदाव्या आठवड्यात कळणे आणि पंचविसाव्यात कळणे यांतील अंतर कायद्याच्या कलमाने मोजता येत नाही. ज्या स्त्रीने ते भोगले तिलाच ते ठाऊक.

आणि कळल्यावर काय करावे, हे तर कोणतीच परीक्षा सांगत नाही. एकविसाव्या गुणसूत्राच्या शोधात ज्यांचे नाव आहे ते लेज्यून आपल्या शोधाचा उपयोग गर्भपातासाठी व्हावा याच्या जन्मभर विरोधात राहिले. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने अशाच आपल्या मुलीसाठी शाळा काढली. तेव्हा सत्तेचाळिसावे गुणसूत्र जगात कोणास ठाऊक नव्हते. ‘जय वकील’ या नावाने ती संस्था आजही चालू आहे. गुणसूत्र मोजण्यापूर्वी पंधरा वर्षे कोणी त्या मुलांस शिकवावयास बसले होते, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. मुले ती वहीत उतरवून घेत नाहीत, कारण ती परीक्षेस येत नाही.

१९९४ च्या आरंभी वहिनींना मुलगी झाली. ती अव्यंग निघाली. विसाव्या आठवड्यात उत्तर आले असते आणि ते वाईट असते तर त्यांनी काय केले असते, हे मी त्यांस कधी विचारले नाही आणि त्यांनी आपण होऊन सांगितले नाही. दादा गेल्यावरही वहिनी इगतपुरीसच राहिल्या. पुतणी आता एकतीस वर्षांची आहे, आणि गेल्या पावसाळ्यात तिला दिवस गेले तेव्हा ती आईकडे येऊन राहिली. बाराव्या आठवड्यात नाशिकला तिचे रक्त घेतले, सोनोग्राफीत गर्भाच्या मानेमागील जागा मोजली, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या मोबाइलवर उत्तर आले: धोका कित्येक हजारांत एक. तिने ते जेवता जेवता वाचून दाखविले. इगतपुरीहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आहे. आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट कळतही नाही, तेव्हा नमुना मुंबईस पाठवावा लागला असता तरी तो दुपारपर्यंत पोहोचला असता, असे मी म्हणालो. वहिनींनी माझ्याकडे पाहिले नाही. स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्यांनी दर सोमवारी पेन्सिलीने बारीक फुली केलेली होती. त्या उठल्या, पाने उलटून त्यांनी फुल्या मोजल्या, आणि ताटे उचलावयास लागल्या.